श्रीमंत लहानूजींची टाकी

संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचे, असा नियम माझ्या मुलाने, मनोहरने, केला तेव्हाच त्या खोलीविषयी माझे मन विटले. प्रताप नगरातल्या आमच्या घराचा पुढचा भाग कचेरीचा. बांधकामावरून आलेले मुकादम सिमेंटने माखलेल्या बुटांनिशी तेथे वर्षानुवर्षे येत-जात होते आणि मी त्यांना कधी अडवले नाही. कामाची घाण ही घाण नव्हे. पण सत्त्याऐंशीच्या सुरुवातीस ते यंत्र आले, त्याच्यासाठी खिडकीत थंड हवेची सोय झाली, दारावर जाड पडदा लागला, आणि एरवी कुणाला न जुमानणारे ठेकेदार त्या पडद्यापाशी मोजे काढून उभे राहू लागले. आतून छापलेला कागद आला की तो दोन्ही हातांनी घ्यायचे. एकाने तर तो कपाळाला लावलेला मी पाहिला. मला ते दृश्य किळसवाणे वाटले, आणि तसे मी त्याच्यासमोर बोलले.

आमचे काम आराखड्यांचे. पाण्याच्या उंच टाक्या, लहान पूल, गोदामे यांत किती लोखंड घालायचे, खांब किती जाड धरायचा, हे ठरवून द्यायचे; बांधणारे दुसरे. मनोहरच्या वडिलांनी हे काम उभे केले ते एका शिस्तीवर. एकच हिशेब दोन माणसांनी दोन खोल्यांत बसून करायचा, मध्ये एकमेकांशी बोलायचे नाही, आणि संध्याकाळी दोन्ही उत्तरे माझ्यासमोर टेबलावर ठेवायची. जुळली तर सही; न जुळली तर पुन्हा दोन खोल्या. मी अभियंता नाही, परंतु दोन उत्तरे सारखी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. ते गेल्यावर मालकी माझ्याकडे आली, सही मनोहरकडे गेली, आणि शिस्त तशीच राहिली. यंत्र आल्यावर मनोहरने ती मोडली. यंत्र चुकत नाही, मग दुसरी खोली कशाला, असे तो म्हणाला. मी म्हणाले की न चुकणारी वस्तू मी अद्याप पाहिलेली नाही. तो हसला, आणि दुसऱ्या खोलीत त्याने यंत्राच्या कागदांची खोकी रचली.

त्या वर्षी आमच्याकडे कामाची रीघ लागली. आमच्या आराखड्यांत इतरांपेक्षा कमी लोखंड लागते, असे ठेकेदार एकमेकांना सांगत. सरकारी कचेरीतून मंजुरीही झटपट मिळे. तेथील एक तपासनीस घरी आला होता, त्याला मी विचारले की तुम्ही आकडे पडताळून पाहता की नाही. त्याने चहाचा घोट घेत सांगितले, की बाई, संगणकाने केलेले आहे, त्यात आम्ही काय पडताळणार. मग पगार कशाचा घेता, असे मी विचारले. त्याला ती थट्टा वाटली. तो खळखळून हसला आणि त्याने आणखी एक बिस्कीट घेतले.

आणखी एक बदल मी पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. आराखड्यांवरच्या नावांना बहर आला होता. पूर्वी आमच्या कागदावर गावाचे नाव आणि काम, एवढेच असे. आता दानशूर, श्रीमंत, धर्मभूषण अशा उपाध्यांची माळ लागू लागली. गिऱ्हाइकांची खुशामत करण्याची ही नवी तऱ्हा असावी, असे मी समजले, आणि माझ्या मुलाला ती सुचली याचा मला संताप आला.

पुढल्या वर्षी वैशाखात एके सकाळी सावनेरकडून भीमाबाई खोब्रागडे आल्या. त्यांची वस्ती कोळशाच्या खाणीमागे. खाण खोल जात गेली तशा तिकडच्या विहिरी आटल्या. भीमाबाईंचे यजमान लहानू त्याच खाणीत काम करीत आणि तेथेच अपघातात गेले. त्यांच्यामागे जे मिळाले ते सारे या बाईंनी वस्तीतल्या पाण्याच्या टाकीला दिले होते. वस्तीने समिती केली होती, आराखडा आम्ही दिला होता. टाकी बांधून तयार होती आणि बुद्धपौर्णिमेला तिचे पाणी सोडायचे ठरले होते. भीमाबाई उन्हातून आल्या, मी दिलेले पाणी प्याल्या, आणि पिशवीतून आमच्याच आराखड्याची गुंडाळी काढून त्यांनी माझ्यासमोर उलगडली.

"हे कोनाचं नाव हाय, बाई? नातीनं वाचून दाखोलं त मले वाटलं दुसऱ्याचाच कागद आला."

मी वाचले. इंग्रजी ठळक अक्षरांत लिहिले होते: कैलासवासी श्रीमंत दानवीर लहानूजी खोब्रागडे स्मारक समिती.

"तुमच्याच यजमानांचे आहे," मी म्हणाले.

"माह्या मालकाले कोनी श्रीमंत म्हनून हाक मारली असती, त त्यानं मागं वळून पाह्यलं असतं, कोन आलं म्हनून. टोपली उचले तो खानीत. आन कैलासात कायले जाईल? आमी छप्पन्न साली दीक्षा घेतली, इथंच, नागपुरात. आमच्यात कालकथित म्हन्तेत. तुमाले ते नसन जमत, त निस्तं लहानू लिवा. विहारात फोटोच्या बाजूले लावाचं हाय हे. लोकं हासून राहिले मले."

त्यांचे म्हणणे योग्य होते. मृत माणसाच्या नावापुढे काय लावावे हे त्याच्या माणसांना विचारून लावावे, इतकी रीत आमच्या घराला शिकवावी लागावी याची मला लाज वाटली. मनोहर त्या दिवशी काटोलला संत्र्यांच्या गोदामाचे काम पाहायला गेला होता. मी सुनेला बोलावले. उत्तराही अभियंता आहे. लग्नाआधीपासून टाक्यांचेच काम करते. तिला मी सांगितले की नाव सुधारून नवा कागद काढ आणि बाईंच्या हातात दे.

नाव तेवढे बदलून कागद छापण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. नाव घालून सगळा हिशेब पुन्हा चालवावा लागे. उत्तराने "लहानू खोब्रागडे" इतकेच घातले आणि हिशेब चालवला. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा मला ठीक दिसला नाही. छपाईची फीत संपली आहे, कागद पाठवून देऊ, असे तिने भीमाबाईंना सांगितले. त्यांची परतीची एसटी होती, त्या उठल्या. जाताना उत्तराला म्हणाल्या, "पौर्णिमेले या वं पोरी. तुमच्याच हाताची टाकी हाय." त्या दिसेनाशा झाल्यावर उत्तरा मला म्हणाली, "आई, जरा आत येता का?"

मी चपलांसह आत गेले.

तिने माझ्यासमोर हिशेब दोनदा चालवला. तीच टाकी, तीच उंची, तेच पाणी, तेच खांब. लांब नाव घातले की यंत्र प्रत्येक खांबात लोखंडाचे आठ गज मागे. आखूड नाव घातले की बारा. भिंतीतल्या लोखंडाचेही तसेच. एवढ्या फरकाचे कारण नावात कसे असू शकते, असे मी विचारले. उत्तराने जे सांगितले ते मला समजले तसे लिहिते.

हा प्रोग्राम पुण्याच्या एका माणसाने लिहिलेला. त्याने नावासाठी यंत्राच्या स्मृतीत ठरावीक अक्षरांपुरती जागा ठेवली होती, आणि तिच्या लगतच्या जागेत लोखंडाने किती ताण सोसायचा ती मर्यादा ठेवली होती. नाव जागेत मावते की नाही हे पाहण्याची तसदी त्याने घेतली नव्हती. नाव लांबले की उरलेली अक्षरे शेजारच्या जागेवर जाऊन पडत आणि तेथील मर्यादा पुसून टाकत. यंत्राला अक्षर काय आणि आकडा काय, दोन्ही एकच. ते त्या अक्षरांनाच मर्यादा समजून निमूट पुढचा हिशेब करी; मर्यादा मोठी निघाली, की कमी लोखंड पुरेल असे सांगे. डब्यात मावेना म्हणून उरलेले पीठ कोणी शेजारच्या मिठाच्या डब्यात ओतावे, आणि स्वयंपाक करणाऱ्याने डब्यावरची चिठ्ठी वाचून तेच मीठ म्हणून भाजीत घालावे, तसा हा प्रकार. माझ्या स्वयंपाकघरात असे कोणी केले असते तर मी तिला दुसऱ्या दिवशी दारात उभी केली नसती. आणि येथे या कारभारासाठी माणसे चपला काढत होती.

"मग हा पुण्याच्या त्या प्रोग्रामवाल्याचा गाढवपणा झाला," मी म्हणाले. "मनोहरला हे ठाऊक नसणार."

उत्तरा पुन्हा यंत्रापाशी बसली. तिने नावातले एकेक अक्षर कमी-जास्त करून मला दाखवले. एक उपाधी काढली, तर लोखंड एवढे निघाले की खांबात मावू नये. दुसरीच उपाधी घातली, तर यंत्राने एकही गज मागितला नाही; कोणाही मुकादमाने तो कागद फेकून दिला असता. कैलासवासी, श्रीमंत आणि दानवीर या तीनच उपाध्या या क्रमाने लावल्या, म्हणजे मात्र उत्तर असे येई, की कमी असूनही ते खरे वाटावे.

"हे आपोआप जुळत नाही, आई," ती म्हणाली. "कोणीतरी बसून जुळवावं लागतं."

 मी तिला विचारले की मागच्या वर्षभरातली लांब नावाची कामे किती आहेत. यंत्र ज्यांवर कामे साठवी त्या तबकड्या तिने काढून पाहिल्या. बरीच होती. दानशूर, धर्मभूषण, समाजरत्न. कोणाचेही नाव मानातून सुटले नव्हते. मग मी आमच्या घराच्या गच्चीवर त्याच वर्षी बांधलेल्या टाकीचा हिशेब काढायला सांगितला. त्यावर नाव होते, प्रताप नगर. एवढेच.

  मी मोरीवर जाऊन तोंड धुतले.

मनोहर संध्याकाळी आला. मी त्याला दिवाणखान्यात बसवले आणि उत्तराने पाहिलेले सांगितले. माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात अशी आशा होती की तो दचकेल. त्याने पहिला प्रश्न केला तो असा: "भीमाबाईला हे कोणी सांगितलं तर नाही?"

नाही, असे मी म्हणाले. तो सैलावून मागे टेकला. मग त्याने अगदी मोकळेपणी सांगितले. पहिल्यांदा ते एका देवस्थानच्या लांबलचक नावामुळे आपोआप घडले. लोखंड कमी निघाले, ठेकेदार खूश झाला. पुण्याच्या माणसाला त्याने पत्र लिहिले, तेव्हा तो म्हणाला की नाव लांब टाकू नका, पुढच्या तबकडीत दुरुस्त करून देऊ. मनोहरने ती दुरुस्ती मागवली नाही. पाणी भरलेल्या भांड्याचे भोक कोठे आहे ते कळल्यावर माणूस ते बुजवतो. माझ्या मुलाने त्याखाली आपले भांडे लावले.

"नागपुरात आणखी दोघं-तिघं हेच करून राहिले, आई," तो म्हणाला. "आणि पडत कोणतीच नाही. नियमात मोकळीक भरपूर असते. मी तीच थोडी वापरली."

"आपल्या गच्चीवरच्या टाकीला का नाही वापरलीस?"

त्याने उत्तराकडे पाहिले. ती खिडकीपाशी उभी होती आणि तिने मान वळवली नाही.

"घराची गोष्ट वेगळी असते," तो म्हणाला.

"कशी वेगळी, ते मला समजावून सांग. मी अडाणी आहे."

 त्याऐवजी तो उपाय सांगू लागला. पौर्णिमेचा कार्यक्रम होऊ द्यावा. टाकी अर्धीच भरा, असे त्यांना काहीतरी कारण काढून सांगावे. पावसाळ्यात ठेकेदाराला पाठवून रंगकामाच्या निमित्ताने खांबांना वरून जाड थर द्यावा. कोणाला काही कळणार नाही. त्या वस्तीतले कोण काय तपासणार आहेत. हे बोलताना त्याने पायावर पाय टाकला होता आणि तो पाय तो हलवीत होता. मी त्या हलणाऱ्या पायाकडे पाहत होते. मेलेल्या माणसाच्या नावापुढे यानेच मान लावला, आणि तो लावला त्याच्या टाकीतले लोखंड काढून घेण्यासाठी. चोर अंधारात तरी येतो. याने नमस्कार करून हात घातला.

"उद्या सकाळी मी आणि उत्तरा तिकडे जाऊ," मी म्हणाले. "टाकी भरायची नाही, हे मी सांगेन. का, तेही सांगेन."

तेव्हा मात्र त्याचा पाय थांबला. "आई, बाबांचं नाव जाईल. दारावर पाटी त्यांची आहे. तीस वर्षांचं नाव आहे ते."

"नाव माझ्या नवऱ्याचे आहे," मी म्हणाले. "त्याचे काय करायचे ते मी ठरवीन."

सकाळी उत्तराने गाडी काढली. सावनेर मागे पडले, पुढे कोळशाच्या धुळीने काळवंडलेली बाभळीची झाडे लागली, आणि वस्ती दिसण्याआधी टाकी दिसली. पांढरीशुभ्र, निळ्या पट्ट्याची. जवळ गेल्यावर पंपाचा आवाज ऐकू आला. समितीने पौर्णिमेची वाट न पाहता गळती पाहण्यासाठी आदल्या दिवसापासूनच टाकी भरायला घेतली होती. ऊन मी म्हणत होते. त्या माळावर दुसरी सावली नव्हती, म्हणून सारी वस्ती टाकीच्या सावलीत येऊन बसली होती. खांबांमधून बायका घागरी मांडून गप्पा मारीत होत्या, म्हातारे पेंगत होते, एका खांबाला झोळी बांधून कोणी मूल निजवले होते.

उत्तरा गाडीतून उतरली आणि वर पाहतच राहिली. भिंत जेथे तळाला मिळते तेथे ओलीची एक आडवी, बारीक रेघ उमटली होती. ती मला म्हणाली, "आई, ही रेघ यायला नको." 

मी आयुष्यात फार वेळा आवाज चढवला नाही. चढवावा लागला नाही. त्या दिवशी चढवला. सगळ्यांनी उठून उन्हात यावे, झोळी आधी सोडावी, घागरी राहू द्याव्यात, असे मी सांगितले. पंप पाहणारा धोंडबा पुढे आला. चांगला धिप्पाड, डोक्याला ओले फडके बांधलेला माणूस.

"काहून?" तो म्हणाला. "साहेबानं पास केली ना टाकी? मशीनवर केली म्हन्तेत."

"पंप बंद करा आणि टाकी रिकामी करा. या टाकीत लोखंड कमी आहे."

लोक उठले, पण कुरकुरत उठले. उठवले म्हणून उठले. वर पाणी आहे, खाली तहान आहे, आणि मधे ही कोण नागपूरची बाई, असे सगळ्यांच्या चेहऱ्यांवर लिहिले होते. वच्छला नावाची एक तरतरीत बाई घागर काखेतच ठेवून मोठ्याने म्हणाली, की चार वर्षं विहिरीनं पानी दाखोलं नाही, आता पानी दिसून राह्यलं त हे मोठ्या घरचे झाकाले आले. भीमाबाई विहारातून धावत आल्या. त्यांनी मला ओळखले आणि त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मनोहरची जीप आली. मी निघाल्यावर तोही निघाला असणार. तो खाली उतरला, त्याने सगळ्यांना हात जोडले, आणि अत्यंत नम्र आवाजात बोलू लागला. आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक दोष होता. त्याने चुकीचे आकडे दिले. आम्हाला फार वाईट वाटते. खांब आम्ही आमच्या खर्चाने मजबूत करून देऊ. तोवर पाणी भरू नये. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. 

लोकांनी ते स्वीकारले. इतक्या सहज स्वीकारले की मला आश्चर्य वाटले. "मशीनच ते," धोंडबा म्हणाला. "माहा पंपबी मनात आलं त चालते, नाही त लाता मारा." काही जण हसले. एका म्हाताऱ्याने मनोहरला धीर दिला, की होते साहेब, मशीनच्या भरवशाचं काय. मनोहरने मान हलवली. माझ्याकडे पाहून तो किंचित हसलाही. टाकी वाचली होती, माणसे वाचली होती, पाटी शाबूत होती. मी गप्प राहिले असते तर सगळेच निभावले असते, आणि लांब नावाची उरलेली कामे तशीच उभी राहिली असती, कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावर.

"यंत्रात दोष होता हे खरे आहे," मी म्हणाले. "तो दोष माझ्या मुलाला वर्षभर ठाऊक होता. नाव लांबवले की लोखंड कमी निघते, हे कळल्यावर त्याने नावे लांबवली. तुमच्या लहानूजींना श्रीमंत केले ते त्यासाठी. ही चूक नाही. हे त्याने समजून केले आहे."

मनोहर "आई" एवढेच म्हणाला.

पंप केव्हाच थांबला होता.  भीमाबाईंनी पदराने तोंड पुसले. त्यांचे बोलणे मनोहरशी नव्हते, माझ्याशी होते.

"म्हंजे माह्या मालकाचं नाव वाढोलं, आन टाकी बारीक केली."

"होय."

"तुमच्या घरी हाय का टाकी?"

"आहे."

"तिचं नाव वाढोलं का यानं?"

"नाही."

त्या मनोहरकडे वळल्या आणि त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतले. बाजारात आणलेल्या, न घ्यायच्या वस्तूकडे पाहावे तसे. मग धोंडबाला म्हणाल्या, "सोड गा पानी."

धोंडबाने खालची झडप फिरवली. पाणी जोरात बाहेर आले, तांबडे, नव्या सिमेंटचा वास असलेले, आणि उतारावरून पळू लागले.  मग बायका घागरी, पातेली, डबे घेऊन धावल्या. उत्तराने त्यांना लांब ठेवले. टाकीखाली कोणी जायचे नाही, जेथे पाण्याचा चर वळतो तेथे भरा, असे ती ओरडून सांगत होती. मनोहर नेमका त्या वळणावर उभा होता. वच्छलाने घागर पुढे केली आणि ती म्हणाली, "श्रीमंत, बाजूले सरका. भरू द्या." कोणी हसले नाही. तो बाजूला सरकला. त्याच्या पॅंटचे पाय चिखलाने भरले होते आणि तो ते झटकत होता.

आम्ही तेथे टाकी रिकामी होईपर्यंत थांबलो. आमच्याकडे, नागपूरपासून खेड्यापर्यंत, उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, वैऱ्यालाही विचारतात. त्या दिवशी पाणी पायांखालून वाहत होते आणि आम्हाला कोणी विचारले नाही. ते बरोबर होते.

परत आल्यावर उत्तरा थेट कचेरीत गेली आणि लांब नावाच्या प्रत्येक कामाच्या मालकाला पत्रे लिहायला बसली. कोणती बांधकामे ताबडतोब रिकामी करायची, कोणती तपासायची, हे तिने ठरवायचे आणि सही मी करायची, असे ठरले. दुपारी सरकारी कचेरीतून तोच बिस्किटे खाणारा तपासनीस फोनवर आला. बातमी सावनेरमार्गे त्याच्यापर्यंत पोचली होती. त्याने अतिशय काळजीने सांगितले की बाई, यात कोणाचे नाव घ्यायची गरज नाही, आपण संगणकातील तांत्रिक दोष असे लिहू; पुण्याहून नवी तबकडी आली की विषय संपला. त्याच्या शिक्क्याविषयी तो काही बोलला नाही. मी त्याला म्हणाले की माझे पत्र निघाले आहे, त्यात माझ्या मुलाचे नाव आहे, आणि न वाचता शिक्का मारणाऱ्या तपासनिसाचेही आहे. त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी मी आणि उत्तराने मिळून दारावरची पाटी उतरवली. स्क्रू गंजले होते. एक तर तोडावाच लागला.

मग जेवायची वेळ झाली. उत्तरा जेवली नाही, मीही ताट घेतले नाही. मनोहर अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून पाटावर येऊन बसला. मला वाटले होते की तो बोलेल, भांडेल, निदान ताटावरून उठून जाईल. पुण्याच्या माणसावर दावा लावता येईल का, याचा विचार करून राहिलो, असे त्याने सांगितले. पोळ्या बऱ्या झाल्या आहेत, असेही म्हणाला. मग त्याने वाटी पुढे केली आणि आणखी आमरस मागितला.

मी पातेले उचलून आत नेले आणि दार लावून घेतले.